जून महिन्यातलं काळं ट्रफल

इटलीत उंब्रिया नावाचा प्रांत आहे. तिथल्या नेरा नदीच्या खोऱ्यात आम्ही नवराबायको 145 युरोंना फसलो. आपल्या पैशांत चौदा हजारांच्या आसपास. चोरी झाली नाही, पाकीट मारलं नाही. आम्हीच हसत हसत नोटा मोजून दिल्या, वर त्या माणसाच्या कुत्र्यासोबत फोटोही काढले.

लेक पेरूजाला शिकते. तिची परीक्षा चालू होती, म्हणून दोन दिवस आम्हीच भाड्याची गाडी घेऊन निघालो. स्पोलेतोच्या पुढे एक लांबलचक बोगदा आहे. तो संपला की एकदम दरीत उतरल्यासारखं होतं. दोन्ही बाजूंना ओकची दाट झाडी, मधून नेरा, आणि तिच्या कडेकडेने जाणारा 209 क्रमांकाचा रस्ता. गावं सगळी दगडी. वाल्लो दि नेरा तर टेकडीच्या माथ्यावर गोल करून बसलंय, तिथल्या गल्ल्यांत चढताना ह्यांचे गुडघे बोलायला लागले. खाली स्केज्जीनोत घरांना खेटून पाणी वाहतं, इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. नदीत ट्राउट मासा मिळतो. तो ह्यांनी खाल्ला. मी शाकाहारी, त्यामुळे माझ्या ताटात स्त्रांगोत्सी, म्हणजे नुसत्या कणीक-पाण्याचा जाडसर हातशेवयांसारखा पास्ता, आणि त्यावर ट्रफल.

ट्रफल म्हणजे जमिनीखाली झाडाच्या मुळांपाशी वाढणारी बुरशी. दिसायला करपलेल्या बटाट्यासारखी. तिचा वास मात्र डोक्यात बसतो. तो माझ्या डोक्यात बसला होता आणि नेमका तिथेच घात झाला.

दुसऱ्या दिवशी एका गावाच्या वाहनतळावर (गावाचं नाव देत नाही, गावाचा काही दोष नाही) एक साठीचा माणूस, टेबल, तराजू आणि कुरळ्या केसांचं गोड कुत्रं. "इंडिया? वेलकम!" मग त्याने आम्हाला शेजारच्याच ओकच्या झाडाखाली नेलं. कुत्र्याने दोन मिनिटं हुंगलं, पंजाने माती उकरली आणि एक काळा गोळा बाहेर आला! आम्ही अक्षरशः टाळ्या वाजवल्या. गोळ्याला माती अगदी भुरभुरीत, वरवर लागलेली होती, हे आता आठवतंय.

त्याने तो नाकाशी धरला. केवढा तो वास! "तार्तूफो नेरो प्रेज्जातो, नोर्चा." म्हणजे नोर्चा गावाकडचं उंची काळं ट्रफल. नोर्चाचं नाव ऐकल्यावर मी विरघळलेच. काळ्या ट्रफलमध्ये नोर्चाचं नाव म्हणजे हापूसमध्ये देवगड. भाव शंभर ग्रॅमला 110 युरो. तिथे शंभर ग्रॅमला 'एत्तो' म्हणतात. दोन गोळे भरले 132 ग्रॅम, वरचे पैसे त्याने "मैत्रीखातर" सोडून दिले. कार्ड म्हटलं तर मशीन बिघडलेलं. पावती म्हटलं तर त्याने चिठोऱ्यावर आकडा लिहून दिला. ह्यांनी हळूच विचारलं, "जरा जास्त नाही का होत?" मीच म्हटलं, "अहो, आयुष्यात एकदाच."

पेरूजाला परतल्यावर लेकीच्या घरमालकीणबाईंना मोठ्या दिमाखात पुडी दाखवली. त्यांनी वासही घेतला नाही. कागदाच्या पुडीवरच्या तेलाच्या डागावर बोट ठेवलं आणि विचारलं, "जूनमध्ये प्रेज्जातो?" मग सुरी घेऊन गोळ्याची कड कापली. आतून फिकट, हेझलनटच्या रंगाचं, पांढऱ्या रेघारेघांचं. खरं प्रेज्जातो आतून जांभळट काळं असतं आणि त्याच्या रेघा अगदी बारीक असतात. ते हिवाळ्यातलं, डिसेंबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत निघणारं. नोर्चाची ट्रफलची जत्राही म्हणूनच फेब्रुवारीत भरते. आमच्या हातात होतं उन्हाळी ट्रफल, तिकडे त्याला स्कोर्त्सोने म्हणतात. वरची साल तशीच काळी, फक्त खवले मोठे आणि टोकदार. खायला चांगलंच असतं, पण वास सौम्य आणि भाव कितीतरी कमी. बाईंच्या हिशोबाने आमच्या मालाचे चाळीस-पन्नास युरो पुष्कळ झाले असते.

मग तो घमघमाट? तो तेलाचा. बाजारात 'ट्रफल ऑइल' म्हणून मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांत वास प्रयोगशाळेत बनवलेल्या गंधकयुक्त द्रव्याचा असतो, आणि तोही मुळात पांढऱ्या ट्रफलची नक्कल करणारा. घटकांच्या यादीत 'आरोमा' हा शब्द दिसला की समजावं. तेच तेल गोळ्यांना चोळलेलं. दोनदा साबण लावूनही हाताचा वास गेला नव्हता, तेव्हाच शंका यायला हवी होती.

माझं माहेर रत्नागिरीचं. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत घालून विकतात, तो मी देठाशी वास घेऊन ओळखते. दिवाळीत कुणी हापूसची पेटी पुढे केली असती तर मी त्याला हसून वाटेला लावलं असतं. आणि इथे, जून महिन्यात, हिवाळ्याचं फळ घेऊन आले!

लेकीने नंतर शोधून सांगितलं की इटलीत यासाठी 1985 चा कायदा आहे. ताजं ट्रफल विकायला मांडलं की त्यावर जातीचं इटालियन आणि लॅटिन नाव आणि कुठल्या भागातून काढलं ते लिहावंच लागतं. प्रेज्जातोचं लॅटिन नाव ट्यूबर मेलानोस्पोरुम, उन्हाळीचं ट्यूबर एस्तिव्हुम. आमच्या माणसाच्या टेबलावर अशी एकही चिठ्ठी नव्हती. पावतीला तिकडे स्कोंत्रीनो म्हणतात, ती मागणं हा आपला हक्क. देत नसेल तर 117 वर आर्थिक गुन्ह्यांचे पोलीस मिळतात. आम्ही फोन केला नाही. हातात चिठोरं होतं, तेही आकड्यापुरतं. आणि खरं सांगायचं तर लाज वाटली.

एक गोष्ट मात्र फसवणुकीत धरू नका. पहिल्या रात्री ट्राउटचं बिल बघून आम्ही दचकलो होतो, पण मेनूत 'एत्तो'चा भाव स्वच्छ छापलेला होता, अख्ख्या माशाचा समजलो ते आम्ही. बिलातलं 'कोपेर्तो' म्हणजे टेबलावर बसण्याचे दोन-तीन युरो, तेही छापलेले असतात. नोर्चाच्या वर कास्तेल्लुच्चोच्या पठारावर पिकणारी बारीक मसूर घेताना मात्र मी शहाणी झाले होते. सुटी घेतली नाही. युरोपीय भौगोलिक मानांकनाचा शिक्का असलेलं बंद पाकीटच घेतलं. मसूर झकास निघाली, न भिजवता शिजते.

आमचं ट्रफल बाईंनी अंड्यांवर किसलं. माझ्यासाठी लोण्यात परतून पावावर. वरची साल खरवडून टाकल्यावर चव मंद, मातकट, छान होती. ह्यांनी दोनदा वाढून घेतलं आणि दर घासाला किती युरो पडले याचा हिशोब मोठ्याने केला.

आठवड्याने लेकीची परीक्षा संपली, म्हणून तिघं मिळून मार्मोरेचा धबधबा बघायला त्याच खोऱ्यातून गेलो. 165 मीटरचा, रोमनांनी इसवीसनपूर्व 271 मध्ये नदी वळवून तयार केलेला. आता पाणी वीजनिर्मितीसाठी वळवतात, धबधबा ठरलेल्या वेळेलाच सोडतात. वेळ गाठायची म्हणून आम्ही घाईत होतो. त्या वाहनतळापाशी लेकीने गाडी जरा हळू केली. टेबल होतं, तराजू होता. एक तरुण जोडपं फोन वर धरून उभं होतं आणि कुत्रं त्याच ओकखाली, त्याच जागी उकरत होतं.