मागाचं प्रशिक्षण: प्रसंग एआरमध्ये रचावा की डेस्कटॉपवर?

ताण्याचा (म्हणजे कापडातला उभा) धागा तुटला तर काय करायचं, माग कधी थांबवायचा, हात कुठे घालायचा नाही, हे नव्या कामगाराला शिकवणारे प्रसंग मी सोलापुरात दोन्ही पद्धतींनी रचलेत. एआर म्हणजे समोरच्या खऱ्या मागावरच कॅमेऱ्यातून आभासी खुणा आणि सूचना दाखवणं. त्यासाठी गॉगलचा विचार करत असाल तर होलोलेन्स २ या गॉगलचं उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्येच थांबवलंय. त्यामुळे इथे एआर टॅबलेटवर, आणि डेस्कटॉप म्हणजे युनिटी हे त्रिमितीय दृश्यं रचायचं सॉफ्टवेअर.

जर-तरच्या फांद्या रचायला डेस्कटॉपच बरा. कामगाराने चुकीचा निर्णय घेतला तर पुढे काय, हे मोठ्या पडद्यावर एका नजरेत दिसतं. टॅबलेटवर बोटाने तेच करताना जीव मेटाकुटीला येतो. त्यात मे महिन्यात पत्र्याखाली टॅबलेट तापतो, पडदा मंद होतो आणि कॅमेऱ्यावर सुताची धूळ बसते ती वेगळीच.

पण डेस्कटॉपला आधी मागाचं त्रिमितीय मॉडेल लागतं आणि माझं घोडं तिथेच अडलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या जुन्या मागांची ड्रॉइंग कुठून आणायची? वर्षानुवर्षं जॉबरने, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, प्रत्येक माग आपल्या पद्धतीने बदललेला. मॉडेल करून घेतलं, जॉबरला दाखवलं, तर तो म्हणाला, "ह्यो आपला माग न्हाय, सर." मग पुन्हा शेड, पुन्हा फोटो, मोजपट्टी, परत टेबल. बरं, एकाच कामगाराला दोन माग सांभाळता यावेत म्हणून डावे आणि उजवे असे दोन प्रकारचे माग असतात. एकाची दांडी नीट बसवली की दुसऱ्याची उलट्या बाजूला. या हेलपाट्यांनी मी खरंच कंटाळलो.

एआरमध्ये जॉबर मागावर बोट ठेवतो, मी टॅबलेटवर तिथेच खूण लावतो. संपलं.

अडचणी आहेतच. ओळीने सारखे माग असले की कॅमेरा गोंधळतो, म्हणून प्रत्येक मागाच्या सांगाड्यावर क्यूआर स्टिकर लावावा. खूण ताण्यावर टेकवू नका. त्या एकसारख्या पांढऱ्या पसाऱ्यात कॅमेऱ्याला धरायला काही सापडत नाही. खुणा लावताना माग बंद ठेवावा लागतो आणि मालकाच्या कपाळावर आठ्या पडतात. त्यावर उपाय म्हणजे बीम (ताण्याचा रूळ) बदलायची वेळ गाठणे, तेव्हा माग तसाही बंद असतो. मागांच्या खडखडाटात आवाजी सूचना कुणाला ऐकू येत नाहीत आणि तेलुगू बोलणाऱ्यांना मराठी मजकूर वाचायला लावणंही बरं नाही. बाण आणि रंग यांवरच भर द्यावा.

तुमचे माग नवे रॅपियर (बिनधोट्याचे) असतील आणि उत्पादकाकडून मॉडेल मिळत असेल तर माझं गणित कदाचित लागू होणार नाही. आगीचा सरावही मी डेस्कटॉपवरच ठेवलाय. बाकी जुन्या शेडसाठी कुणी विचारलं, तर मी टॅबलेटच हातात देईन.