बेलँगर की रिपकेन?

बाल्टिमोर ओरिओल्स या अमेरिकन बेसबॉल संघाचा सर्वोत्तम शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) कोण, हा वाद चाहत्यांत निघाला की पोरं कॅल रिपकेनच्या बाजूला, आजोबा मार्क बेलँगरच्या. बॅट बघाल तर वादच नको. रिपकेनचे 431 होमरन (बहुधा चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके), बेलँगरचे अख्ख्या कारकिर्दीत 20! शिवाय रिपकेन सलग 2,632 सामने खेळला, एकदाही दांडी नाही.

पण शॉर्टस्टॉप म्हणजे आधी ग्लोव्ह, म्हणजे क्षेत्ररक्षण. सडपातळ बेलँगरच्या ग्लोव्हमध्ये चेंडू शिरला न शिरला तोच पहिल्या बेसकडे सुटलेला असायचा. उत्तम क्षेत्ररक्षणाचे 8 गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार उगाच मिळत नाहीत. सहा फूट चार इंची रिपकेनचा भर पळण्यापेक्षा अंदाजावर. चेंडू येणार तिथे हा आधीच उभा. 1990 मध्ये शॉर्टस्टॉपला त्याच्या चुका फक्त 3.

आता ओरिओल्सचाच पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा) जिम पामर आठवा. 1966 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेत, विसाव्या वर्षी शटआउट (समोरच्या संघाला एकही धाव न देता पूर्ण सामना) टाकणारा हा पिचर पुढची दोन वर्षं दुखापतींमुळे बहुतेक खालच्या दर्जाच्या मायनर लीगमध्येच अडकला. 1969 मध्ये परतला तो 16 विजय, 4 पराभव आणि वर एक नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट न देता सामना) घेऊन. असा जपायचा हात असेल तर मागे मला बेलँगरच हवा: जमिनीवरून आलेला चेंडू आउट झाला की पिचरचे तेवढे चेंडू वाचतात.

आणि धावाच हव्या असतील तर? रिपकेन, डोळे झाकून.