चार दिवसांत वीस कोटी पेशी

बडोद्यातील एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता विभागात मी अठ्ठावीस वर्षे काढली, आणि तरीही जो हिशेब आधी करायला हवा होता तो पैसे भरून झाल्यावर केला.

पत्नीचे गुडघे झिजले होते व शस्त्रक्रियेला ती तयार नव्हती. शहरातील एका दवाखान्यात आम्हाला सांगण्यात आले, की कमरेच्या हाडातून मज्जा काढून तिच्यातील स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, "आपल्याच लॅबमध्ये" वीस कोटींपर्यंत वाढवतील आणि चौथ्या दिवशी दोन्ही गुडघ्यांत सोडतील. दोन लाख चाळीस हजार रुपये आगाऊ घेतले. "काका, सेल ताजे असतात, वेळ घालवू नका," असे तेथील समन्वयक मुलगी म्हणाली, आणि मी खरोखरच घालवला नाही.

मज्जेतील दहा हजार ते एक लाख पेशींमागे अशी एखादीच मूलपेशी असते. वाढीची सुरुवात दहा हजार पेशींपासून झाली असे धरले, तर वीस कोटींचा आकडा गाठण्यासाठी त्यांना चौदाहून अधिक वेळा दुप्पट व्हावे लागते. दररोज एकदा दुप्पट होतात इतकी उदार कल्पना केली तरी चार दिवसांत त्या एक लाख साठ हजारच होतील, आणि पेशी वाढवण्याच्या भांड्याच्या तळाला चिकटण्यात जाणारा सुरुवातीचा वेळ मी धरलेलाच नाही. शिवाय निर्जंतुकतेची प्रमाणित चाचणीच चौदा दिवसांची असते. ताज्या पेशींचा माल जलद चाचण्यांच्या आधारे वापरायला देतात हे खरे, पण त्यांचा तरी कागद हवा. आमच्या कुपीवर बॅच क्रमांकसुद्धा नव्हता. निर्जंतुकतेची ही चाचणी मी स्वतः शेकडो वेळा केली आहे, याची लाज अधिक वाटते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही आजार वगळता असा उपचार केवळ नोंदणीकृत वैद्यकीय चाचणीतच, म्हणजे क्लिनिकल ट्रायलमध्येच, करता येतो, आणि चाचणीत सहभागी रुग्णाकडून त्याचे शुल्क घेता येत नाही. अशा चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही कोणालाही पाहता येते; या दवाखान्याची नोंद मला तिच्यात सापडली नाही.

गुडघे होते तसेच आहेत. पेशी वाढवल्याची नोंद मागितली, तेव्हा ती प्रयोगशाळेची गोपनीय बाब असल्याचे उत्तर मिळाले. ग्राहक आयोगाकडे जाण्यापूर्वी वकिलांनी सर्व कागद तपासले: पावतीवर "गुडघ्याचे इंजेक्शन व दाखल शुल्क" एवढेच आहे. स्टेम सेल हे शब्द फक्त दवाखान्याने भेट दिलेल्या कापडी पिशवीवर छापलेले आहेत, आणि ती पिशवी आम्ही आता जपून ठेवली आहे.