रविवारची नवी उपासना : साडेतीन स्टार

नगरला मावशीकडे गेलेलो तेव्हा तिच्या चर्चला जाऊन आलो, नाव नाही लिहीत उगाच. पूर्वी पाळकसाहेब एकटेच बोलणार आणि आपण मागच्या बाकावर पेंगणार, आता शास्त्रवाचन मंडळीतलेच लोक करतात आणि प्रार्थनाही बाकांवरूनच होतात, एका आजींनी तर पाऊस, नातवाची नोकरी आणि आटलेली बोअर सगळं एका दमात देवापुढे मांडलं, मस्त वाटलं. उपासना म्हणजे स्टेजवरचा कार्यक्रम नाही, सगळ्या मंडळीनं मिळून देवाला दिलेलं उत्तर आहे, हा त्यामागचा विचार. तसं नवीन काही नाही, कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1963 लाच लोकांचा सक्रिय सहभाग हवा म्हणून ठरवलं, आणि आपल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी तर त्याच्याही कितीतरी आधी अभंग-कीर्तन चर्चमध्ये आणलेलं.

पेटी-तबल्यावर टिळकांचं भजन सुरू झालं तेव्हा सगळं चर्च गात होतं. मग ड्रमसेट आला नि प्रोजेक्टरवर दुसरंच कडवं अडकलं, म्हाताऱ्या मंडळींची तोंडं बंद. दीड स्टार त्याचा कापला, आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षरस घ्यायचा विधी, दहा मिनिटांत उरकलं त्याचाही, एवढी कसली घाई? नंतरचा चहा मात्र एकदम कडक. साडेआठच्या आधी पोचा, पंख्याखालची जागा मिळेल.