अपोफिस की कामोओआलेवा: प्रकल्पासाठी कोणता लघुग्रह?

एका विद्यार्थिनीने विचारलं, कक्षेच्या प्रकल्पासाठी या दोघांतला कोणता घेऊ? ‘पृथ्वीवर संकट’ छापाचे मथळे आधी बाजूला ठेवूया. पुढची किमान शंभर वर्षं अपोफिस आपल्यावर आदळणार नाही, हे २०२१च्या रडार-निरीक्षणांनंतर स्पष्ट झालंय.

कक्षा म्हणाल तर कामोओआलेवा मला जास्त लोभस वाटतो. तो फिरतो सूर्याभोवतीच, पण त्याचं वर्ष जवळपास आपल्याएवढंच. त्यामुळे पृथ्वी स्थिर धरून त्याची जागा आलेखावर मांडत गेलात, तर दरवर्षी पृथ्वीभोवती एक वेटोळं उमटतं. चंद्रासारखा बांधलेला नाही, तरी साथ सोडत नाही. हे स्वतः काढून बघाच.

अपोफिसची गंमत वेगळी. सध्या तो सुमारे ३२४ दिवसांत सूर्याला फेरी मारतो. १३ एप्रिल २०२९ला तो पृष्ठभागापासून जेमतेम ३२,००० किमीवरून जाईल आणि पृथ्वीच्या ओढीने त्याची फेरी वर्षाहून मोठी होईल.

दिसण्यात मात्र तुलनाच नाही. अपोफिस त्या रात्री काही भागांतून नुसत्या डोळ्यांनी दिसेल. कामोओआलेवाला मोठ्या वेधशाळेचीच दुर्बीण लागते.

दोघांची स्थाननोंद नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेच्या ‘होरायझन्स’ या ऑनलाइन सेवेवर फुकट मिळते. गणित आणि आलेखात रमणाऱ्याने कामोओआलेवा घ्यावा. प्रत्यक्ष आकाश बघायची ओढ असेल आणि २०२९पर्यंत थांबायची तयारी असेल, तर अपोफिस.