कोंबडीचं लिटर कालवडींना घातलं, पाच महिन्यांनंतरचा अनुभव

चिपळूण साईडला आमचा छोटा गोठा आहे, दोन दुभत्या गाई आणि चार कालवडी. भात झोडल्यावर पेंढा भरपूर असतो, पण त्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के, आणि सड्यावरचं गवत करपलं की नुसत्या पेंढ्यावर कालवडींची हाडं वर येतात, पेंड विकत घ्यायला परवडत नाही. म्हणून जानेवारीपासून जवळच्या ब्रॉयलर शेडचं लिटर, म्हणजे विष्ठा मिसळलेलं भाताचं तूस, वापरून बघितलं. त्यातली बरीच प्रथिनं युरिक ॲसिडच्या रूपात असतात, ती रवंथ करणाऱ्यांच्या पोटातले जीवाणूच वापरतात, त्यासाठी सोबत मक्याचा भरडा लागतोच. पेंढा पण बंद करायचा नाही, नाहीतर पोट फुगतं.

कच्चं कधीच घालू नका! हलकं पाणी मारून ढीग रचला, ताडपत्री घट्ट बांधली, तीन आठवडे हात लावला नाही. आत पहार खुपसून ठेवलेली, सातव्या दिवशी उपसली तर हातात धरवेना. त्या उष्णतेने साल्मोनेलासारखे जंतू मरतात. रचताना अमोनियाने डोळे चुरचुरत होते, उघडलं तेव्हा काकवी करपल्यासारखा गोडसर वास. कालवडींनी चार दिवस तोंड लावलं नाही, मग भरड्यात मूठमूठ वाढवत नेलं, एकूण खाण्याच्या पाव भागावर गेलो नाही. मे महिन्यात बरगड्या झाकलेल्या होत्या, अंगावर चकाकी होती, खूप बरं वाटलं.

पण दुसऱ्या खेपेत मेलेलं पिल्लू निघालं, उकरलं तर खाली अजून दोन. शेडवाला म्हणतो कुजून जातं, काय होतंय! अरे, त्यानेच बोट्युलिझम होतो, जनावर लुळं पडतं आणि जातं, आणि ढिगाच्या उष्णतेने त्याचा धोका जात नाही. अख्खी ट्रॉली खोल खड्ड्यात पुरली, पैसे गेले ते गेले.

दुभत्या गाईंना एक घमेलंही दिलं नाही, कोंबड्यांच्या औषधांचे अंश दुधात उतरू शकतात. आये तर पहिल्याच दिवशी म्हणाली, ज्या गाईचं दूध देवाला जातं तिच्या गव्हाणीत हे नको, आणि मला ते पटतं. घाटावरच्या मित्राने मेंढ्यांसाठी विचारलं, त्यालाही नाही म्हटलं, लिटरमधलं तांबं मेंढ्यांना बाधतं.

जूनपासून बंद केलंय, पावसात लिटर भिजलं की बुरशी धरते. पुढच्या जानेवारीत मरतूक रोज वेगळी काढणारं शेड मिळालं तरच घेईन, आणि रचायच्या आधी प्रत्येक गोण स्वतः उपसून बघेन.