कॅमेऱ्याने सुका कचरा वेगळा करणारा डबा: सोसायटीने घ्यावा का?

फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये ठेवायचा हा संच आहे. आत रास्पबेरी पाय 5 हा छोटा संगणक, वर कॅमेरा मॉड्यूल 3, खाली एमजी996आर जातीच्या दोन सर्व्हो मोटरींवर फिरणारी झडप आणि तिच्याखाली चार खोके: कागद-पुठ्ठा, प्लास्टिक, धातू, उरलेलं. वस्तू ओळखतं योलो घराण्यातलं छोटं मॉडेल, म्हणजे फोटो दाखवून शिकवलेला प्रोग्राम. ओला-सुका घरातच वेगळा होत नसेल, तर यावर पैसे घालू नका.

पाण्याची बाटली, पेयाचा कॅन, पुठ्ठ्याचा खोका यांत तो सहसा चुकत नाही, मात्र वस्तू एकेक टाकायला हवी. बांधलेली पिशवी टाकली की कॅमेऱ्याला फक्त पिशवी दिसते.

खरी अडचण पन्नीची. खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पन्नी पारदर्शक, चुरगळलेली, बोटभर. मॉडेल बघतं त्या 640 पिक्सेलच्या चित्रात तिचा नुसता चकाकता ठिपका उरतो. घडी घातलेली दुधाची पिशवी तर कागदात जाते. या कामात सर्रास वापरला जाणारा ट्रॅशनेट हा कचऱ्याच्या फोटोंचा संग्रह 2016 साली स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी केला. त्यात 2527 फोटो, बहुतेक साध्या पांढऱ्या पाटीवर एकेक वस्तू ठेवून काढलेले. किरकोळ कचऱ्याचे फक्त 137. आपल्या घरचा कचरा त्यात कुठून येणार? म्हणून प्रत्येक वर्गाचे दोन-तीनशे फोटो डब्याच्याच कॅमेऱ्याने, चेपलेल्या-फाटलेल्या वस्तूंचे काढून मॉडेल पुन्हा शिकवावं लागतं. मोबाइलवरचे फोटो इथे फार उपयोगी नाहीत, प्रकाश आणि कोन दोन्ही बदलतात. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर कायम करा आणि एलईडी पट्टीवर दुधी अॅक्रिलिक लावा, म्हणजे बाटलीवरची चकाकी कमी होते.

कॉन्फिडन्सची, म्हणजे मॉडेलला किती खात्री हवी याची, मर्यादा 0.5 असेल तर 0.75 करा. जास्त माल 'उरलेलं'मध्ये जाईल, जाऊ द्या. चुकीची वस्तू चांगल्या मालात पडण्यापेक्षा ते परवडतं. सावजीचा पार्सल डबा बघा: मॉडेल त्याला प्लास्टिक म्हणतं, ते बरोबरच आहे. पण आतली तर्री, म्हणजे तेलकट रस्सा, झडपेला लागते, झडपेवरून पुढच्या वर्तमानपत्राला, आणि तेलकट रद्दीला कबाडी हात लावत नाही. डबा धुऊनच टाकायचा, हे कॅमेरा शिकवत नाही.

चिप्सचं पाकीट आतून चंदेरी, म्हणून ते धातूत जातं. झडपेजवळ एलजे12 जातीचा, जवळचा धातू ओळखणारा इंडक्टिव्ह सेन्सर बसवला की हा घोळ बराचसा मिटतो. पाकिटावरचा धातूचा थर इतका पातळ असतो की सेन्सरला तो कळत नाही. लोखंड सुमारे 4 मिमीवरून कळतं, अॅल्युमिनियम त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावरून, तेव्हा कॅन अगदी चिकटून घसरायला हवा. सेन्सर 12 व्होल्टवर चालवत असाल तर त्याचं आउटपुट रास्पबेरी पायच्या 3.3 व्होल्टच्या पिनला थेट जोडू नका.

प्लास्टिक कोणत्या जातीचं, हेही कॅमेऱ्याला कळत नाही. मोठ्या प्रकल्पांत त्यासाठी निअर-इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचं, यंत्र लागतं आणि कार्बन ब्लॅक असलेलं काळं प्लास्टिक त्यालाही दाद देत नाही. आपला कबाडी कडक आणि नरम प्लास्टिक हाताने वेगळं करतो, तो हात डबा आल्यावरही लागणारच.

डबा चालता चालता रास्पबेरी पाय रीस्टार्ट होत असेल तर आधी सर्व्होची वीज तपासा. अडकलेला सर्व्हो दोन-अडीच अँपिअर ओढतो. त्याला वेगळा 5-6 व्होल्टचा पुरवठा द्या, ग्राउंड मात्र एकच ठेवा. उन्हाळ्यात गती मंदावली तर कारण उष्णता: चिप 80 अंशांना पोचली की रास्पबेरी पाय आपला वेग कमी करतो आणि नागपूरच्या मे महिन्यात बंद पत्र्याच्या पेटीत ते व्हायला वेळ लागत नाही. पेटीला जाळी पाडा, पंखा लावा, ऊन येणारी भिंत टाळा.

काच यात टाकूच नका, फुटली की खोका रिकामा करणाऱ्याचा हात कापतो.

रोज खोके बघणारा माणूस असेल तर साठ-सत्तर फ्लॅटच्या सोसायटीने विचार करायला हरकत नाही. एका घरासाठी हा नुसता शौक. मॉडेलची फाइल स्वतः बदलता येते का, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. येत नसेल तर खर्र्याची पन्नी कायमची चुकीच्या खोक्यात पडत राहील.